सात नंबरचा हात

आप्पा कुणाच्या लग्नाला जात नसत. लग्नाला नाही, बारशाला नाही, घरभरणीलाही नाही. पत्रिका घेऊन कुणी आलं की ते आधी विचारत, "घरात कुणी वेल्डर हाय का?" आहे म्हटलं की पत्रिका परत. नाही म्हटलं तरी "आज नसंल, उद्या हुईल की," म्हणून परतच. ज्याच्या घरचं गोडधोड खाल्लं त्याचं काम तपासताना जीभ जड होते, असं त्यांचं म्हणणं. वेल्डरच्या हातचा चहा ते घेत नसत, तंबाखू घेत नसत, वेल्डरांच्या माठातलं पाणीसुद्धा पीत नसत.

हे पाण्याचं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली होती. असले पाण्याचे नियम आमच्या वस्तीतल्या लोकांनी पुष्कळ बघितलेले. पण त्याच दुपारी आप्पा माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या तांब्यात पाणी हाय का?" आणि माझा तांब्या तोंड लावून रिकामा केला. मी वेल्डर नव्हते एवढंच त्यांना पुरेसं होतं. माझं आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी कामावर लागले त्या दिवशी बाकी सगळ्यांनी ते आडून आडून विचारून घेतलं होतं. आप्पांनी विचारलं, "रेघ सरळ येती का?"

आमचा कारखाना सोलापुरात होटगी रस्त्यावर होता. गिरण्यांना आणि साखर कारखान्यांना लागणारी वाफेची भांडी, टाक्या, बॉयलरचे ड्रम तिथे होत. मी ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पातळ कागदावर शाईने गिरवायचं, हे माझं काम. आप्पा वेल्डिंगचे तपासनीस. वाफेच्या भांड्याची शिवण, म्हणजे वेल्डिंगचा सांधा, उसवली तर भोवतीची माणसं भाजून मरतात, म्हणून कुठल्या वेल्डरने शिवण घालायची आणि कुणी नाही, हे ठरवायला कारखान्याने हा एक माणूस ठेवला होता. ते ज्या वेल्डरला पास करत त्याला नंबरचा एक पोलादी शिक्का मिळे. घातलेल्या प्रत्येक शिवणीशेजारी त्याने तो हातोडीने ठोकायचा, म्हणजे पुढे कधी काही झालं तर कुणाचा हात होता ते कळतं. आप्पा वेल्डरांना नावाने हाक मारतच नसत. "ए चार नंबर", "बारा नंबरला बोलवा", असं. घरी कानडी बोलणारे, अक्कलकोटकडचे. राग आला की मराठी सुटायची आणि नुसतं "बेडा, बेडा" चालायचं. बेडा म्हणजे नको. वेल्डरच्या कानावर हा शब्द आला की समजायचं, शिवण कापून पुन्हा घालायची आहे.

या सगळ्या नेमामुळे डबा खायला त्यांना कारखान्यात जागा नव्हती. म्हणून ते ड्रॉइंग ऑफिसात माझ्या टेबलाच्या टोकाला बसून खात. कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि अधूनमधून माझ्या डब्यातली भाजी. खाताना ते टेबलाच्या लोखंडी पायावरून अंगठा फिरवत बसायचे. दिसेल त्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा, ही त्यांची खोडच होती. एसटी स्टँडचे कठडे, दवाखान्यातल्या खाटा, शाळेचं फाटक, काही सुटत नसे. एकदा आमच्या घरी काही निरोप द्यायला आले, तर निरोप राहिला बाजूला, खिडकीच्या गजांपाशीच दहा मिनिटं उभे. आई आतून म्हणाली, "कोण गं, गज मोजतोय?"

त्यांच्या बायकोने मला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेची गोष्ट सांगितली होती. एका जानेवारीत आप्पा तिला आणि मुलींना घेऊन कुंभारीहून, म्हणजे ते राहत त्या गावाहून, जत्रेला आले. मुली आकाशपाळण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि आप्पा पाळण्याच्या खांबाशी उकिडवे बसून अंगठा फिरवू लागले. सांध्यात खड्डे आहेत म्हणाले. पाळणावाला म्हणाला, तुम्हाला बसायचं नसेल तर बसू नका. आप्पा रांगेतल्या एकेकाला बाजूला घेऊन समजावू लागले. धंदा बसायची पाळी आली तेव्हा पाळणावाल्याने कुठूनसा वेल्डर आणून सांधा पुन्हा करून घेतला. मग आप्पांनी सांगितलं, सांधा पुरता निवेपर्यंत कुणी बसायचं नाही. तो निवला तोवर कुंभारीची बस निघायची वेळ झाली. "ह्यांच्यासंगं जत्रंला जाण्यापरीस घरात पापड लाटल्यालं बरं," असं ती माउली म्हणाली, आणि मला ते शंभर टक्के पटलं.

खंडेनवमीला सगळा कारखाना यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा करायचा. आप्पा आपल्या पाटावर परीक्षेत फुटलेल्या लोखंडी पट्ट्या मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावून झेंडू वाहायचे. पास झालेल्या पट्टीने आपल्याला काही शिकवलं नाही, जे शिकलो ते फुटलेल्यांकडून, हा त्यांचा हिशेब. मी एकदा म्हटलं, "मग नापास झालेल्या वेल्डरांनापण एकेक फूल वाहा की." त्यांना थट्टा कळायची नाही. ते गंभीरपणे म्हणाले, "वाहीन, पण ते हुबं ऱ्हात न्हाईत."

ही परीक्षा कशी असे ते सांगते. दोन जाड पत्रे वेल्डरने जोडायचे. मग त्या जोडाच्या आडव्या पट्ट्या कापायच्या आणि प्रेसमध्ये दाबून केसाच्या आकड्यासारख्या वाकवायच्या. वाकताना बाहेरच्या अंगाला चीर पडली की वेल्डर नापास. शिवण वरून कितीही देखणी असो, पोटात खोट असेल तर ती तिथे उघडी पडते. दुसऱ्या कारखान्यांत हे बंद खोलीत चालायचं. आप्पांनी प्रेस अंगणातल्या लिंबाखाली मांडून घेतला होता. जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत पट्टी वाकवायची. आत काय झालं याची कुजबूज नको. "पट्टी बोलंल, आपण गप ऱ्हायचं," असं ते म्हणत, आणि खरंच गप्प राहत. पास झाला तर शिक्का हातावर ठेवायचा, नापास झाला तर काढून घ्यायचा. शाबासकी नाही की शिवी नाही.

वेल्डरच्या परीक्षेच्याही आधी एक परीक्षा असे, ती पद्धतीची. कुठला रॉड, करंट किती, थर किती, हे सगळं आप्पा ठरवत. त्याप्रमाणे स्वतःच्या हाताने पत्रे जोडत, आणि त्या पट्ट्या टिकल्या तरच पद्धत कागदावर चढे. एकेकाळी रेल्वेत वेल्डर होते ते, आणि आपल्या हाताचा त्यांना अभिमान होता. तो ते लपवत नसत. आधी पद्धत पास, मग हात पास, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हटलं असतं.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरला त्यानंतरची गोष्ट. एका गिरणीसाठी जाड पत्र्याचा ड्रम करायचा होता आणि त्याला नव्या जातीचे रॉड लागणार होते. रॉड आले ते मे महिन्यात. खोक्यावर लिहिलं होतं की वापरायच्या आधी भट्टीत तापवून घ्या. स्टोअरकीपरने विचारलं, भट्टीचं काय करायचं? आप्पा म्हणाले, "मे महिन्यात सोलापूरच भट्टी हाय की. आनि दुसरी कशाला?" आम्ही सगळे हसलो. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, तेव्हा बोलणं काही खोटं नव्हतं. आप्पांनी स्वतः पत्रे जोडले, पट्ट्या वाकवल्या, एकीलाही चीर नाही. पद्धत पास झाली. तो कागद मीच शाईने गिरवला. त्यात भट्टीचा उल्लेख नव्हता.

मग ड्रमचे पत्रे यायला उशीर झाला. ते आले सप्टेंबरात. नव्या पद्धतीवर सगळ्या वेल्डरांची परीक्षा त्याच वेळी लागली, आणि पहिला उभा राहिला सात नंबर.

सात नंबर म्हणजे नरसय्या. शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला. बाप, भाऊ, सगळे मागावर, हा एकटा वेल्डिंगला आलेला. बापाने दोन वर्षं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणे. कमी बोलणारा, पण शिवण अशी घालायचा की मी ड्रॉइंगात काढलेली रेघ तिच्यापुढे वेडीवाकडी वाटावी. आप्पा त्याच्या शिवणीवरून अंगठा जरा हळू फिरवायचे. त्यांची तेवढीच शाबासकी, आणि नरसय्याला ती कळत असे.

त्या सप्टेंबरात सोलापुरात न शोभणारी झड लागली होती. सूर्य दिसत नव्हता, भिंती घामेजल्या होत्या. लिंबाखाली ताडपत्री बांधून नरसय्याची पट्टी वाकवली. अर्ध्यात आली आणि कट्‌ आवाज करून फुटली. कुणाला खरं वाटेना. नियमाप्रमाणे त्याला आठवड्याने पुन्हा संधी दिली. या वेळी तर पट्टी अर्ध्यावरही आली नाही. सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पा गप्प राहतील असं मला वाटलं, कारण पट्टी बोलली होती. पण ते म्हणाले, "ह्याच रॉडनं, ह्याच करंटला माझ्या हातानं झालं. सात नंबर, हात गेला तुझा."

नरसय्याने शिक्का खिशातून काढून प्रेसवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भावाच्या मागावर बसला असं कळलं. बाकीचे वेल्डर परीक्षेला उभे राहीनात; सात नंबरची ही गत, मग आमची काय? मला आप्पांचा भयंकर राग आला होता. नापास करणं हे त्यांचं कामच होतं, पण ते वाक्य बोलायचं त्यांचं काम नव्हतं. मी दोन दिवस त्यांना भाजी दिली नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण ते भाकरी नुसती मोडत बसायचे.

अशाच एका दुपारी मी चिडून ड्रॉइंग गुंडाळत होते. ड्रमच्या कागदात एक दुरुस्ती आली होती, आणि मे महिन्यात गिरवलेल्या कागदावर जुळवायला गेले तर रेघ रेघेवर बसेना. मी स्वतःशीच बडबडले, की उन्हाळ्यात खडखडीत होता तेव्हा सगळं जुळत होतं, आता हा कागद पाणी प्यायलाय, फुगलाय.

आप्पांचा घास हातात राहिला. "काय म्हणलात? पुन्ना म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी भाकरी तशीच ठेवली आणि स्टोअरकडे गेले. उघड्या खोक्यातला एक रॉड घेऊन आले, त्याच्या वरचं मातकट आवरण बोटाने चोळून बघितलं, आणि मग दुपारभर दिसलेच नाहीत. नंतर कळलं ते असं. जुन्या रॉडला पावसाळ्याचं काही वाटत नसे. हे नवे रॉड मात्र हवेतली ओल शोषून घेत आणि ती ओल शिवणीच्या पोटात जाऊन पट्टी फोडत असे. मे महिन्यात सोलापूर खरंच भट्टी होतं, म्हणून आप्पांची पट्टी टिकली. नरसय्याचा हात जसा होता तसाच होता. चूक कागदात होती, आणि कागद आप्पांचा होता.

मॅनेजरसाहेबांचं म्हणणं, गवगवा नको. नरसय्याला गुपचूप बोलवा, कागदात एक ओळ घाला, पास करा. तपासनीसच चुकतो हे वेल्डरांना कळलं तर उद्या तुमचं कोण ऐकेल? आप्पांनी ऐकून घेतलं आणि रविवारी मला म्हणाले, सात नंबरच्या घरी जायचंय, तुम्ही चला, कुणाच्या घरी गेल्यावर कसं बसायचं ते मला माहीत नाही.

घराच्या पुढच्या भागात माग होते. नरसय्या चादरीवर काम करत होता. आम्हाला बघून त्याने माग लगेच थांबवला नाही. आम्ही त्या खडखडाटात उभेच राहिलो. मग तो थांबला, आणि त्याच्या बायकोने दोन पेले पाणी आणून ठेवलं. आप्पांनी पेल्याकडे बघितलं. नरसय्या म्हणाला, "प्या की आता, आप्पा. आता काय हरकत हाय?"

आप्पांनी पेला हाताने बाजूला सारला. "न्हाई. तू वेल्डर हाईस."

नरसय्याचा चेहरा जरा हलला. आप्पांनी मग सगळं सांगितलं, रॉडचं, ओलीचं, भट्टीचं, काही न लपवता. चूक माझी, असं दोनदा म्हणाले. नरसय्या मागाच्या लाकडावर हात ठेवून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "हात गेला म्हणलात ते सगळ्यांम्होरं. आनि हे हितं सांगताय, घरात. तितंच येऊन सांगा की."

आप्पा म्हणाले, "उद्या ये."

सोमवारी दुपारी लिंबाखाली सगळा कारखाना जमला. मॅनेजरसाहेब खिडकीत उभे होते, खाली आले नाहीत. सकाळी आप्पांनी अर्धे रॉड कारखान्याच्या छोट्या भट्टीत तापवून घेतले होते आणि अर्धे तसेच ओले ठेवले होते. तापवलेल्या रॉडने नरसय्याने पत्रे जोडले, ओल्या रॉडने आप्पांनी स्वतः जोडले. पट्ट्या कापून झाल्या. आधी आप्पांची पट्टी प्रेसमध्ये गेली. ती कट्‌कन फुटली. आप्पांनी तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला, अगदी मागे उभ्या असलेल्या झाडूवाल्या बाईपर्यंत जाऊन दाखवला. मग नरसय्याची पट्टी. ती वाकत गेली, वाकत गेली, आणि पुरती आकड्यासारखी झाली. आप्पांनी भिंगातून बाहेरचं अंग बघितलं, अंगठा फिरवला, हळू.

"सात नंबर पास," ते म्हणाले. "पद्धत नापास. ती माझी व्हती. ह्याचा हात गेल्याला नव्हता. मी उगा बोललो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या वेळी काय करायचं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आप्पांनी शिक्का पुढे केला. नरसय्याने तो घेतला, उलटसुलट करून बघितला, आणि पुन्हा आप्पांच्या हातावर ठेवला.

"हात हाय माझा, एवढं कळलं सगळ्यांस्नी. बास झालं," तो म्हणाला. "पर आप्पा, आता तो तुमच्याम्होरं चालायचा न्हाय. रॉड धरला की तुमचंच बोलनं ऐकू येतंय."

तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही. मला वाटलं आप्पा तरी हाक मारतील. ते शिक्का मुठीत धरून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "बरूबर हाय त्याचं," आणि चार नंबरला परीक्षेला उभं राहायला सांगितलं. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे भाजी ठेवली. त्यांनी खाल्ली नाही.

ड्रम झाला, बाकीच्यांनी केला. सात नंबरचा शिक्का आप्पांनी दुसऱ्या कुणाला दिला नाही. नंबर सहावरून आठवर जायचा. नवी मुलं विचारायची, सात कुठंय? आणि जुनी माणसं विषय बदलायची.

दशक सरत आलं होतं. मी तोवर ड्रॉइंग स्वतः काढू लागले होते. मोडनिंबच्या पलीकडे एका साखर कारखान्यात दुरुस्तीची मापं घ्यायला मी आणि आप्पा गेलो. गळीत हंगाम संपलेला, सगळी भांडी उघडी पडलेली. मी टेप लावत होते आणि आप्पा आपल्या खोडीप्रमाणे नव्याने घातलेल्या एका शिवणीवरून अंगठा फिरवत चालले होते. मध्येच थांबले. मागे आले. पुन्हा हळू फिरवला. शिवणीशेजारी ठोकलेला नंबर सात नव्हता, भलताच होता.

"नरसय्या," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिथला फोरमन खूश झाला. हो, सोलापूरचाच मिस्त्री, माग सोडून आलेला, असा हात जिल्ह्यात दुसरा नाही, म्हणाला. शेजारच्या मोठ्या भांड्याच्या पोटातून निळा उजेड लखलखत होता आणि वेल्डिंगचा आवाज येत होता, तळणीचा यावा तसा, एकसारखा, कुठे न तुटणारा. "आतच हाय, बोलवू का?" फोरमनने विचारलं.

आप्पा कान देऊन ऐकत होते. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"नको," ते म्हणाले. "चाललाय हात. मी म्होरं गेलो तर थांबंल."

रॉड संपून आवाज आपोआप थांबेपर्यंत आम्ही तिथे उभे राहिलो. मग नरसय्या बाहेर यायच्या आत आप्पा पिशवी उचलून भराभर फाटकाकडे चालू लागले, आणि टेप गुंडाळत मला त्यांच्यामागे पळावं लागलं.